आल्टोची चाल

४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

प्रभूमध्ये सलाम.

पत्राला उशीर झाला, म्हणून मी इथूनच स्वतःचा कान पिळून घेतला आहे. तेवढेच तुझे कष्ट वाचले.

खोली छान आहे. वरच्या मजल्यावर आहे, छत उतरतं आहे, त्यामुळे उठताना डोकं सांभाळावं लागतं. पण खिडकीखाली नदी आहे. म्हणजे असावी. सकाळी इतकं धुकं असतं की नदी, धक्का, पलीकडचा काठ, सगळं मी गृहीत धरते. मग कुठून तरी फेरीबोटीचा भोंगा वाजतो आणि धुक्यातून आधी एक दिवा, मग कठड्याला टेकलेली माणसं, मग बोट, अशी एकेक वस्तू तयार होत येते. मी हातात गरम कप धरून बघत राहते आणि रोज कामावर उशिरा पोचते.

काम काय आहे ते तुला अजून कळलेलं नाही. "माझी भाची मुक्यांना बोलायला शिकवते" असं तू दुकानात चष्मा करायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतेस म्हणे. अगं, हे लोक मुके नाहीत. मेंदूला धक्का बसून त्यांचं बोलणं गेलेलं असतं. समजतं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येत नाहीत. माझ्याकडे एक कॅप्टन आहेत. ही खिडकीखालची फेरीबोट त्यांनी आयुष्यभर चालवली. आता बोलायला गेले की फक्त "ता, ता, ता" होतं, मग संतापतात आणि भिंतीकडे तोंड करतात. त्यांच्या बाई, म्हणजे पत्नी, रोज येऊन शेजारी विणत बसतात. पण गंमत म्हणजे बोलण्याचा रस्ता बंद पडला तरी गाण्याचा शाबूत असतो. लहानपणची गाणी ते शब्दांसकट गाऊ शकतात. त्या रस्त्याने हळूहळू बोलणं परत आणायचं, हे माझं काम.

आता हसायची गोष्ट. माझी खोलीतली सोबतीण नाट्यगृहात तिकिटं देते. इथल्या मोठ्या गायनवृंदाला वर्षभराच्या दौऱ्यासाठी एक गाणारी बाई हवी होती. सोबतिणीने माझं नाव परस्पर देऊन टाकलं. मंचावर उभी राहिले तर डोळ्यांत दिवे आणि समोर नुसता अंधार. अंधारातून आवाज आला, "आवडेल ते म्हणा." मला दुसरं काय येतं? मी आपलं होडीचं गीत सुरू केलं. "होडी तुझी, वारा तुझा, मी नुसता बसलो आहे." दुसऱ्या कडव्यावर आले तेव्हा लक्षात आलं, मी आल्टो गातेय, आपली ती मुख्य चालीखालची साथीची ओळ.

हसू नकोस. मला त्या गीताची खरी चाल गाताच येत नाही. जन्मभर ऐकली, पण तोंडातून कधी काढली नाही. आई गेल्यावर तू मला घेऊन चर्चच्या गायनवृंदात उभी राहायचीस, मी तुझी बाही धरून तू म्हणायचीस तेच म्हणायचे. वरची चाल म्हणणाऱ्या बायका पुढच्या रांगेत होत्या. ती त्यांची वस्तू होती. मधेच थांबावं तरी पंचाईत, म्हणून तशीच शेवटपर्यंत गेले. नुसता आल्टो, खाली ऑर्गन नाही, वर चाल नाही. घराचा जिना तेवढा उभा आणि घर गायब.

आणि आत्या, तो अंधार उठून उभा राहिला. म्हणजे त्यात बसलेली माणसं. गायनवृंदाचे संचालक मंचावर आले. "शब्द जुने आहेत, पण ही चाल मी कधी ऐकली नाही," म्हणाले. "ती कुठेच चढत नाही, आणि तरी वाटतं, वर कोणीतरी चाललं आहे." त्यांनी मला घेतलं. अजून करार व्हायचा आहे, पण घेतलं.

तुझी,
भिंगरी


१३ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दुकानात उघडलं ही चूक झाली. समोरच्या खुर्चीत गिऱ्हाईक, नाकावर तपासणीची चौकट, डोळ्यांपुढे काचा, आणि मी पोट धरून हसतेय. त्याला वाटलं, त्याने अक्षरं चुकीची वाचली. बिचारा पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायला लागला.

पण हसून झाल्यावर मी दुकानाचं दार लोटलं आणि थोडी रडलेही. ही चाल कशी झाली ते मी तुला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

लग्नानंतर लगेच माझा घसा गेला. महिनाभर ताप होता, त्यातून उठले तेव्हा बोलणं राहिलं, पण वरचे सूर गेले. मी तुझ्या काकांना म्हटलं, आता मी समोर बाकावर बसेन, तुम्ही ऑर्गन वाजवा, मी ऐकेन. ते काही बोलले नाहीत. ते कुठे कधी काही बोलायचे? पुढच्या सरावाला माझ्या पुढ्यात एक कागद ठेवला. होडीच्या गीताचा छापील आल्टो त्यांनी बाजूला सारून नवा लिहिला होता. माझ्या गळ्यात पाच-सहा सूर काय ते उरले होते. तेवढ्या जागेत त्यांनी मला घर बांधून दिलं.

त्या दिवसापासून मी तेच गाते. लोकांना तो ऐकू येत नाही, पोरी. आल्टो कोणालाच ऐकू येत नाही. नसला की मात्र सगळ्यांना वाटतं, आज गाणं पातळ झालं. एकदा पाळकसाहेबांनी विचारलं, तुम्हाला कधी पुढच्या रांगेत यावंसं नाही वाटत? मी म्हटलं, ज्या प्रभूने कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याला आल्टो कळतो. ते हसले आणि तो विषय तिथेच राहिला.

तर मला या सगळ्याचा आनंद आहे. तुझ्या काकांची चाल एवढ्या मोठ्या दालनात वाजली. त्यांचं नाव ऐकून संचालक काय म्हणाले, ते तेवढं लिहायला विसरलीस. ते लिही.

तुझी,
आत्या

ता. क. कॅप्टन काय गातात? त्यांच्यासाठी प्रार्थना करते आहे, पण गाणं ठाऊक असलं की प्रार्थना नेमकी करता येते.


२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

प्रभूमध्ये सलाम.

किती दिवस झाले, मला धड सांगताही येणार नाही. इथे दिवस एकमेकांत विरघळतात. सकाळी आरोग्यभवनात माझे रुग्ण, दुपारपासून सराव. सरावाचं दालन तू बघायला हवंस. भिंतींना जाड गडद पडदे आहेत, पायांखाली असा गालिचा की आपलीच पावलं आपल्याला ऐकू येत नाहीत. बाहेरून धुक्यातून आत गेलं की झोपेतून आणखी आतल्या झोपेत गेल्यासारखं वाटतं. वाद्यवाले आपापलं वाद्य हळूहळू लावत असतात, आणि मी मधे उभी राहिले की ते सगळे थांबतात. माझ्यासाठी थांबतात. आजवर माझ्यासाठी फक्त फेरीबोट थांबली आहे, आणि तीही एकदाच, कारण मी धावत ओरडत येत होते.

पोशाख शिवायला टाकला आहे. राखाडी, पाण्यासारखा. शिंपीणबाईंनी मापं घेताना सांगितलं की माझे खांदे कायम थोडे झुकलेले असतात, जशी मी कोणाच्या तरी मागे उभी आहे. त्या म्हणाल्या, आता सवय मोडा.

दौरा डिसेंबरात निघेल, जहाजाने, एकेका बंदरावर थांबत. फलकाचा नमुना आला. त्यावर माझी नुसती पाठमोरी आकृती आहे आणि खाली होडीच्या गीताचे शब्द. सोबतिणीने तो आरशाशेजारी चिकटवला आहे. रोज केस विंचरताना मी स्वतःची पाठ बघते.

कॅप्टनही होडीचंच गीत गातात. दुसरं कुठलं गाणार? पण त्यांना थोडं थांबावं लागतंय. सरावामुळे माझे तास हुकतात, तेव्हा माझा सहकारी घेतो. तो चांगला शिकवतो, पण त्यांच्याबरोबर वरची चालच गातो. मग कॅप्टन त्याच्या मागे मागे येतात, तो थांबला की तेही थांबतात. मी खालून आल्टो धरते तेव्हा वरची चाल त्यांना स्वतःलाच उचलावी लागते. हे त्याला समजावलं, आल्टो शिकवूनही बघितला, पण गाणं सुरू झालं की तो वरच्या चालीवरच घसरतो. होईल काहीतरी.

तू कशी आहेस? गुडघा? थंडीत दुकान लवकर बंद करत जा.

तुझी,
भिंगरी


१० नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद.

गुडघा आहे तिथेच आहे. तू मात्र माझ्या प्रश्नाला वळसा घालून गेलीस. शिंपीणबाई सांगितल्या, गालिचा सांगितला, माझ्या गुडघ्यापर्यंत आलीस, आणि तुझ्या काकांचं नाव कुठेच नाही. मी लोकांच्या डोळ्यांत बघून पोट भरते. डोळा कुठे बघायचं टाळतो, हे मला काच न लावता दिसतं.

तू सांगितलंच नाहीस, हो ना? त्यांनी चाल तुझी समजली आणि तू त्यांना समजू दिलंस.

मी रागावलेली नाही. खरंच नाही. तुझ्या काकांना नावाचं काही नव्हतं. चर्चच्या पाटीवर त्यांचं नाव चुकीचं लिहिलं गेलं होतं, ते शेवटपर्यंत तसंच राहू दिलं. म्हणून मला काळजी त्यांच्या नावाची नाही. तुझी आहे.

धंद्यातली गोष्ट सांगते. काही काचा अशा असतात की डोळ्याला लावल्याबरोबर सगळं लखलखीत दिसतं. अक्षरं काळीभोर, कडा धारदार. गिऱ्हाईक खुर्चीतच खूश होतं, म्हणतं, हीच द्या. पण ती काच डोळ्याच्या गरजेपेक्षा जास्त असते. डोळा दिवसभर तिच्याशी झटापट करतो आणि संध्याकाळी कपाळ ठणकायला लागतं. म्हणून मी कोणाला खुर्चीतच हो म्हणू देत नाही. म्हणते, काच लावून जरा रस्त्यावर फिरून या, लांबचं झाड बघा, हातातलं पुस्तक बघा, मग सांगा. काही जण चिडतात. समोरच्या दुकानात जातात, तिथे लगेच मिळतं.

तर तू जरा फिरून ये, पोरी. त्या गालिच्यावरून उठून बाहेर ये आणि लांबचं बघ. मग मला लिही. गोड लिहू नकोस, खरं लिही.

तुझी,
आत्या


२४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

हो. मी सांगितलं नव्हतं.

संचालकांनी विचारलं, "ही चाल तुमची?" आणि मी मान हलवली. कोणती मान हलवली हे मलाही नीट आठवत नाही. होकाराची होती. तेव्हा वाटलं, नंतर सांगू. मग करार आला, त्यात "स्वरचना" या शब्दापुढे माझं नाव, आणि त्याखाली सहीची रिकामी रेघ. पंधरवडा तो कागद माझ्या पिशवीत होता. मी तो घेऊन फेरीबोटीवर बसायचे, पलीकडे जायचे, परत यायचे. तू म्हणालीस ना, फिरून ये. धुक्यात लांबचं काहीच दिसत नाही, पण पिशवीतलं फार स्पष्ट दिसतं.

परवा मी संचालकांना सगळं सांगितलं. काका, ऑर्गन, तुझा घसा, माझी चूक. वाटलं होतं, हाकलून देतील. ते खो खो हसले. म्हणाले, "म्हणजे आम्ही अर्धंच गाणं ऐकून रडलो." मग त्यांनी पेन घेऊन माझं नाव खोडलं आणि काकांचं लिहिलं. शुद्धलेखन विचारून लिहिलं. आणि म्हणाले, "आता निर्धास्तपणे सही करा."

माणूस चांगला आहे, आत्या. तो वाईट असता तर बरं झालं असतं.

कारण आता खोटं काही उरलं नाही आणि तरी माझी सही होत नाही. त्याच दिवशी आरोग्यभवनाच्या पायऱ्यांवर कॅप्टनच्या बाई भेटल्या. त्या कधी काही मागत नाहीत. लोकरीचा गुंडा हातात धरून म्हणाल्या, "ते आता गातही नाहीत हो. तुम्ही जाणार असं ऐकलं. जा, तरुण आहात. जाण्याआधी एखादा तास जमला तर बघा." डॉक्टर म्हणतात, पहिलं वर्ष महत्त्वाचं, त्यात जे परत आलं ते आलं. मी दौऱ्यावरून येईन तेव्हा ते वर्ष संपलेलं असेल. आणि आल्टो धरणारं इथे दुसरं कोणी नाही. मी शोधलं, खरंच शोधलं.

पण तू खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. मला जायचं आहे. मला ते दिवे हवे आहेत. सगळी वाद्यं थांबतात तो क्षण हवा आहे, तो राखाडी पोशाख हवा आहे. आजवर मी सगळ्यांच्या खालून गायले आणि एकदा, एकदाच मला वरून ऐकू जायचं आहे. यात इतकं काय वाईट आहे? मी प्रार्थनेला बसते आणि मला प्रार्थनेच्या जागी टाळ्या ऐकू येतात.

रोज एक स्वप्न पडतं. दालनात पाणी भरलं आहे, कमरेइतकं, शांत. खुर्च्या तरंगत आहेत. मी गाते आहे आणि वर कोणीतरी चालतं आहे, पाण्यावरून, आणि मला वर बघायचं असतं पण दिवे डोळ्यांत येतात.

जहाज पुढच्या पंधरवड्यात निघेल. तू सांग. जा म्हण किंवा राहा म्हण. तू म्हणशील ते मी करेन.

भिंगरी


१ डिसेंबर

माझ्या लाडक्या भिंगरी,

तुझं पत्र उशीखाली ठेवून झोपले. खरं लिहिलंस. काकांचं नाव त्या माणसाने शुद्धलेखन विचारून लिहिलं, हे वाचून मला तो आवडला.

मी जा म्हणणार नाही आणि राहाही म्हणणार नाही. मी सांगितलं म्हणून राहिलीस तर जन्मभर माझ्याकडे बोट दाखवशील, आणि गेलीस तरी तेच. देव मंचावर नसतो असं काही मला वाटत नाही. तो दिव्यातही असतो. गाण्याचं दान तुला त्यानेच दिलं आहे, आणि ते हवंसं वाटणं हे पाप नाही. त्यामुळे माझ्याकडून हुकूम मागू नकोस.

पण तू खरं लिहिलंस, तर मीही एक लिहिते. मी तुझ्यापासून लपवलं होतं. मला ऐकू येत नाही. माणसं समोर बसून बोलली तर ओठांवरून कळतं, दुकान चालतं. पण गाणं गेलं. आधी ऑर्गनचे वरचे सूर गेले, मग पुढच्या रांगेतल्या बायका गेल्या. आता रविवारी मी उभी राहते तेव्हा सगळ्यांची तोंडं उघडमीट करताना दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही. मला वरची चाल ऐकू येऊन वर्ष होत आलं.

जन्मभर लोकांची नजर सुधारली आणि कान बघायला विसरले. हस हवं तर. मी हसते.

सुरुवातीला वाटलं, आता सोडावं. चाल ऐकू येत नाही तर खालून कशाला टेकू द्यायचा? एका रविवारी मुद्दाम गप्प उभी राहिले. आणि तेव्हा फार एकटं वाटलं, इतकं की काका गेले तेव्हाही तसं वाटलं नव्हतं. पुढच्या रविवारी गाणं सुरू करायची खूण म्हणून पाळकसाहेबांचा हात खाली आला, तशी मी गायला लागले. वरती चाल चालू आहे हे मी धरून चालले. पाच-सहा सूर, माझ्या घराएवढे. आणि पोरी, मला ती ऐकू येत नव्हती, पण ती आहे हे माझ्या हाडांना कळत होतं. प्रभूशी माझं सगळं आयुष्य असंच गेलं आहे. तो ऐकू येतो असं म्हणणारे लोक आहेत. मला कधी आला नाही. मी आपली त्याच्याखाली माझी ओळ धरून उभी राहिले, आणि तो वर आहे हे मला ठाऊक होतं.

याहून जास्त सुख मला कशात मिळालेलं नाही. टाळ्या मला कधी मिळाल्या नाहीत, त्यामुळे तुलना करता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. तू दोन्ही बघितलं आहेस. कुठलं सुख दुसऱ्या दिवशी सकाळीही शिल्लक असतं, ते तूच बघ.

काहीही ठरव. तुझी खोली इथे झाडून ठेवलेली आहे.

तुझी,
आत्या


१९ डिसेंबर

प्रिय आत्या,

प्रभूमध्ये सलाम.

आधी तुझ्या कानांचं. वर्षभर लपवलंस आणि मला म्हणतेस डोळा कुठे टाळतो ते दिसतं. आता कोणी कोणाचे कान पकडायचे? पुढच्या महिन्यात रजा काढून येते, आपण दोघी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. तू चिडशील, तरी जाऊ.

जहाज गेलं. मी नाही गेले.

तुला वाटेल, पत्र वाचलं आणि एकदम उजेड पडला. तसं काही झालं नाही. पत्र वाचून मी आणखीच रडले आणि दुसऱ्या दिवशी पोशाख घालून बघायला गेले. सुंदर झाला होता. आरशासमोर उभी होते आणि शिंपीणबाई म्हणाल्या, "खांदे वर." मी खांदे वर घेतले, आणि मनात गीत सुरू केलं, आणि आत्या, मला वरची चाल आठवेना. आल्टो होता, पण त्याच्या वर कोणी नव्हतं. मी आतल्या आत गात होते आणि पहिल्यांदा मला माझाच आवाज एकटा वाटला. तो एकटेपणा मला नको होता. पोशाख उतरवला आणि घडी घालून परत दिला.

संचालकांना मी नाही म्हटलं. "पुन्हा विचारणार नाही मी," म्हणाले. मग म्हणाले, "पण चाल?" तुला न विचारता मी हो म्हटलं. त्यांनी घेतलेल्या दुसऱ्या गायिकेला मी दोन दुपारी बसून ती शिकवली. तिचा गळा माझ्यापेक्षा चांगला आहे. फलकावर काकांचं नाव छापलं आहे, अचूक. सोबतीण माझ्याशी बोलत नाही. घरी चालत आलेलं नशीब लाथाडलं म्हणते. कदाचित तिचंच खरं असेल. जहाज निघालं त्या सकाळी मी खिडकीत होते. धुक्यात दिवे आधी दिसेनासे झाले, भोंगा उशिरापर्यंत ऐकू येत राहिला. मला वाईट वाटलं. अजूनही वाटतं, हे लपवत नाही.

कॅप्टन मला बघून भिंतीकडे वळले. त्यांचा राग रास्त होता. मी काही न बोलता बसले आणि खालून गायला लागले. त्या दिवशी ते गाण्यात आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी रोज आल्टो म्हणायचे, बाई विणायच्या, कॅप्टन भिंत बघायचे. बाहेरून कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, ही कोण बाई भिंतीला गाणं म्हणून दाखवते? पण मला तुझं पत्र पाठ झालं होतं. वर चाल आहे असं धरून मी चालले.

काल ते गाण्यात आले. आधी नुसता घोगरा श्वास, मग "होडी". मग "होडी तुझी". मी हलले नाही, सूर सोडला नाही. ते वर चढत गेले, थरथरत, एकेक शब्द धक्क्याला बोट लावावी तसा नेमका लावत. दुसऱ्या कडव्यात मी आवाज बारीक केला. तिसऱ्यात आणखी बारीक. आणि मग थांबले. ते थांबले नाहीत. माझ्याशिवाय गात राहिले, शेवटपर्यंत. खोलीत माझा आवाज कुठेच नव्हता आणि मी इतकी सुखी होते की मला हातापायांचंही भान नव्हतं. कोणाला सांगू हे? तुलाच कळेल.

गाणं संपलं. बाहेर धुकं होतं, आत नुसत्या सुयांचा आवाज. मग कॅप्टननी मान वळवली, बाईंकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, खिडकी लाव."

बाईंच्या हातातल्या सुया थांबल्या.

"लाव ना," ते म्हणाले. "गार... लागतंय."

बाई उठल्या नाहीत. खिडकी उघडीच राहिली. त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं, खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढली आणि म्हणाल्या, "पुन्हा सांगा."

तुझी,
भिंगरी